पाऊणकी

मुख्यालयात सहाव्या मजल्यावर, एसीत,
प्रशिक्षणाच्या बाईंनी कागद वाटले :
आपल्या जीवनाचे ध्येय. फक्त तीन ओळी.
उद्यान विभागाचा गव्हाणकर भराभरा लिहीत सुटला.
मी नाव लिहिलं, हजेरी क्रमांक लिहिला,
पंपचालक, धारण तलाव, बेलापूर,
आणि उरलेल्या जागेत एक बगळा काढला.
बाई चांगल्या होत्या.
म्हणाल्या, घरी जाऊन शांतपणे विचार करा.

तर करतोय.

आमचा भाग भरतीच्या पातळीखाली आहे.
हे कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्याकडे बघतो,
मग स्वतःच्या बुटांकडे.
नाल्यांचं पाणी तलावात येतं,
ओहोटी लागली की झडपा उघडतात, ते खाडीत जातं,
भरती आली की मिटतात.
चोवीस वर्षं हे बघतोय.

नोकरी लागली प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर.
दाखल्यावर वडिलांचं नाव, पोशा हिराजी कोळी, दिवाळे.
त्यांची डोल लागायची तिथे आता
लोक कुत्री फिरवतात.
पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काम काय?
म्हटलं, खाडीला दार लावायचं.
खोकला लागेपर्यंत हसले.
"खारीला दार? न चावी कुनाकरं?"
आठ दिवस जेवताना मी मान वर केली नाही.

ऑफिसने भरतीचं छापील कोष्टक दिलं होतं.
वडील ओट्यावर बसून विचारायचे, आज तिथी?
तृतीया.
तीन पाऊण सव्वादोन.
अष्टमी.
आठ पाऊण सहा. सहाला पाणी भरंल.
कोष्टकात असायचं पाच अठ्ठावन्न, नाहीतर सहा दहा.
बाकीचं गणित त्यांना येत नव्हतं.
जमिनीचे पैसे आले तेव्हा ते दिसलंच.

आणि खरं सांगायचं तर दार मी लावतच नाही.
भरती स्वतःच लावते,
तिच्याच रेट्याने झडप मिटते.
मी फक्त मध्ये काही अडकू देत नाही.
ही गोष्ट कळायला मला सहा-सात वर्षं लागली,
आणि कळली त्या दिवशी जरा वाईटच वाटलं.

मग ती कोजागरी.
गच्च्यांवर आटीव दूध, गाणी, टाळ्या.
साडेदहाला मुनाफ धावत आला,
तीन नंबरची झडप मिटत नाहीये.
बॅटरी मारली तर फटीत गादी. डबलबेडची, फुलाफुलांची.
पौर्णिमा म्हणजे बाराला उधाण,
हे सांगायला कोष्टक लागलं नाही.
आकडा घेऊन दोघं उतरलो,
छातीइतका गाळ, गादी पाणी पिऊन म्हशीसारखी जड,
खाडी कानाशी आत, आत, आत येतेय.
मुनाफ शिव्या देत होता, मी पाऊणकी म्हणत होतो,
का ते विचारू नका.
निघाली.
झडप धप्पकन बसली.
तेवढा नीट बसलेला आवाज
मी दुसऱ्या कशाचा ऐकलेला नाही.

सकाळी एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले,
इथे वास कसला हो येतो?
म्हटलं, ओहोटी आहे.
त्यांची चप्पल कोरडी होती.
मी बराच वेळ त्या चपलेकडे बघत राहिलो.

वडील गेले षष्ठीला.
सहा पाऊण साडेचार, पाणी तुडुंब.
ते पाणी फिरेपर्यंत थांबले.
त्यांना रात्रीचं सांगायचं राहिलंच,
चावीचंही. ते मला अजून ठाऊक नाही.
त्यांच्याच खाडीला मी रोज
बाहेर थांब म्हणतो, त्याचा हिशेब
कुठल्या पाढ्यात बसतो, तेही नाही.

काल बाईंचा फोन आला,
तुमचा कागद तेवढा राहिलाय.
ड्यूटीवर निघता निघता लिहून टाकलं :

आज द्वादशी.
बारा पाऊण नऊ.
त्याआधी जाळी साफ झाली पाहिजे.

बगळा खोडला नाही.